कीर्ती खोब्रागडेचा विकास विभाग

कीर्ती खोब्रागडे समोर येऊन बसली की माणूस आपोआप बोलायला लागायचा. ती फार विचारायची नाही. नुसती ऐकायची आणि मधेच एखादा असा शब्द टाकायची की समोरच्याला वाटायचं, हिला आपलं सगळं कळलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती इंदूरजवळच्या महूची. आजोबा नथू खोब्रागडे फौजेत होते, वडील शाळेत क्लार्क. वडील गेल्यावर घरात ती आणि आई कौसल्या, दोघीच उरल्या. कीर्तीनं एका दवाखान्याचं रिसेप्शन सांभाळलं, विम्याचे फोन केले आणि शेवटी राऊच्या पुढच्या एका खासगी विद्यापीठात प्रवेशाच्या खिडकीवर बसली. सगळीकडे कॉन्ट्रॅक्ट. दर जूनमध्ये नवीन सही, आणि तीही होईल की नाही याची खात्री नाही.

त्या खिडकीवरून तिला जयेश पुराणिकनं उचललं. जयेश इंदूरचाच, पुण्याला एमबीए करून आलेला. विद्यापीठानं नवीन काढलेल्या ‘विकास विभागा’चा तो प्रमुख होता. विभाग म्हणजे कँटीनच्या मागची एक खोली, जयेश आणि आता कीर्ती. काम एकच, जुने विद्यार्थी आणि शहरातले पैसेवाले यांच्याकडून विद्यापीठासाठी देणग्या आणायच्या. भाषणं जयेश करायचा, घरोघर कीर्ती जायची. तीन वर्षांत तिनं बस आणली, प्रयोगशाळेचं यंत्र आणलं, वाचनालयाला एसी आणले.

मग जयेश दिल्लीच्या एका परिषदेला जाऊन आला आणि त्याच्या डोक्यात वारं शिरलं.

“कीर्ती, बाहेरच्या विद्यापीठांत या कामाला पन्नास-पन्नास माणसं असतात. आपण दोघं काय करणार यार? मला दहा माणसं पाहिजेत. विभाग वाढला की तू उपप्रमुख. परमनंट. दारावर तुझ्या नावाची पाटी.”

पाटीचं ऐकून कीर्ती हसली, पण त्या दिवशी बसनं महूला परत जाताना ती रस्ताभर पाटीचाच विचार करत होती.

दोघं चेअरमनसाहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि हिंदीत म्हणाले, “पुराणिकजी, जो डिपार्टमेंट पैसा लाने के लिए बना है, वो मुझसे पैसा माँग रहा है? खुद के लिए खुद लाओ. बच्चों की फीस में से एक रुपया नहीं दूँगा.”

झालं. आता पैसे मागणाऱ्या विभागाला स्वतःसाठी पैसे शोधायचे होते.

जयेशनं आधी ठरवलं की प्रत्येक देणगीतला थोडा हिस्सा विभागानं ठेवायचा. पहिल्याच देणगीदारानं ते ऐकलं आणि चेक परत मागितला. मग त्यानं कर्मचाऱ्यांकडे मोर्चा वळवला. सगळ्यांनी दर महिन्याला एका दिवसाचा पगार ‘स्वेच्छेनं’ द्यायचा. सह्या घ्यायला कीर्तीला पाठवलं. गेटवरचे बाबूराव तिच्या वडिलांच्या वयाचे होते. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, “म्हणजे आमच्या पगारातून तुमच्या लोकांचा पगार होणार, बेटा?”

“काका, जबरदस्ती नाही.”

“सही नाही केली तर?”

कीर्तीनं पेन पुढं केलं. बाबूरावांनी सही केली. सफाईवाल्या बायकांनी अंगठे दिले. मास्तर लोकांनी मात्र आरडाओरडा केला तेव्हा चेअरमनसाहेबांनी ती योजना बंद केली. पहिल्या महिन्यात कापलेला एका दिवसाचा पगार कुणालाच परत मिळाला नाही.

मग पाळी सांवेर रोडवरच्या कारखान्यांची. तिथं पंपाचे सुटे भाग बनवणारा एक माजी विद्यार्थी कीर्तीला मानायचा. त्यानंच बस दिली होती. कारखान्यातल्या आवाजात तो मोठ्यानं बोलत होता. “मॅडम, मुलांसाठी मागा, आत्ता देतो. पण तुमच्या ऑफिसच्या पगाराला? भीक कुणी पण घालतं. कटोरा विकत घ्यायला कोण पैसे देतो?” बोलून झाल्यावर तो खजील झाला, चाय मागवली. कीर्तीनं ती प्यायली. बाहेर येऊन ती ऑटोत बसली तेव्हा तिचे कान तापले होते.

राहिल्या होत्या सुलोचना टोकेकर.

सुलोचनाबाई इंदूरच्या तुकोगंजात एका जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. सरकारी कन्याशाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. नवरा लवकर गेला. मुलगा प्रणव याच विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होता, मित्रांबरोबर सहलीला गेला आणि नाल्याच्या पाण्यात वाहून गेला. त्याला काही वर्षं झाली होती. बाईंना त्याच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू करायची होती. गणितात हुशार असलेल्या, गावाकडून आलेल्या मुलींसाठी. एक प्लॉट होता, तो विकून ते पैसे द्यायचे असं त्यांनी ठरवलं होतं. पण ठरवणं आणि देणं यात दोन वर्षं गेली होती आणि ती दोन वर्षं कीर्ती त्यांच्याकडे जात होती.

सुरुवातीला कीर्तीला चाय स्टीलच्या पेल्यात मिळायची. तिथंच बसलेल्या शेजारणीला कपात. आडनाव सांगितल्यावर बाईंच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलेलं कीर्तीनं पाहिलं होतं. ते ओळखायला तिला वेळ लागत नसे. पण ती येत राहिली. बाईंची औषधं आणली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बरोबर गेली, प्रणवची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. एक दिवस चाय कपात आली. पुढे बाई म्हणाल्या, “अगं, तूच टाक ना चहा. साखर कुठे आहे ते तुला ठाऊक आहे.” त्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहून कीर्तीला रडू आलं होतं. तिला त्या बाईची माया लागली होती, हे खोटं नव्हतं.

प्लॉट विकला गेल्याचं कळलं तसं जयेशनं तिला खोलीत बसवून दार लावलं.

“शिष्यवृत्ती म्हणून पैसा आला की तो कायमचा अडकला. त्याला हात नाही लावता येत. ‘विकासासाठी’ म्हणून घे.”

“त्यांना मुलींसाठी द्यायचंय.”

“अगं, आधी विभाग मोठा होऊ दे. दहा माणसं दहा टोकेकर आणतील. मग कर ना दहा शिष्यवृत्त्या. बाईंचं काहीच बुडत नाही.” तो थांबला. “जूनमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. विभाग नाही वाढला तर चेअरमन हा पण बंद करून टाकतील. मी तर कुठे पण जाईन. तुझं तू बघ.”

कीर्ती तुकोगंजात गेली. बाईंनी सगळं तयार ठेवलं होतं, चेक, पेन. फक्त चष्मा सापडत नव्हता, तो कीर्तीनं शोधून दिला. मग तिनं देणगीचं पत्र पुढं केलं.

“हे ‘विकास निधी’ काय लिहिलंय गं? शिष्यवृत्ती कुठे?”

“काकू, ते नुसतं नाव असतं. हिशोबाच्या सोयीसाठी. पैसा मुलींनाच जाणार.”

“प्रणवच्या नावानं?”

“प्रणवच्याच.”

बाईंनी सही केली. पेन खाली ठेवून त्यांनी कीर्तीच्या तोंडावरून हात फिरवला. “तू नसतीस तर माझ्याकडून झालं नसतं हो हे.”

त्या पैशातून विकास विभाग वाढला. कँटीनमागची खोली सुटली आणि पहिल्या मजल्यावर काचेचा हॉल मिळाला. नवीन आठ जणं आली, सगळी पंचविशीच्या आतबाहेरची, कानाला हेडफोन लावणारी. फोन मोजणारं सॉफ्टवेअर आलं. दारावर पाटी लागली, कीर्ती खोब्रागडे, उपप्रमुख. परमनंटचा कागद मात्र अजून यायचा होता. आई कौसल्या ती बघायला महूहून मुद्दाम आली. पदराच्या टोकानं तिनं पाटी पुसली, ती आधीच स्वच्छ होती.

मग बाईंचा फोन यायला लागला. “कीर्ती, मुली निवडल्या का? मला भेटायचंय एकदा.” कीर्तीनं परीक्षा सांगितल्या, सुट्ट्या सांगितल्या. शेवटी तिनं जयेशला सांगितलं. तो चुटकी वाजवून म्हणाला, “एक मुलगी उभी कर. वार्षिक समारंभ आहेच.”

अनुश्री नावाची खरगोनकडची एक मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. तिला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, या पैशातला एक पैसाही नाही. जयेशनं तिला सांगितलं की फक्त स्टेजवर यायचं, एका आजींच्या पाया पडायचं. हॉस्टेलची थकलेली फी तो बघून घेईल.

समारंभात सुलोचनाबाई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नाव पुकारल्यावर त्या स्टेजवर गेल्या. अनुश्री वाकली. बाईंनी तिला उठवलं आणि कुणाला काही कळायच्या आत पर्समधून एक कॅल्क्युलेटर काढला.

“हा प्रणवचा. बटणं थोडी घासलीत, पण चालतो. तू वापर. आणि अडलं तर माझ्याकडे ये. मी फी नाही घेत.”

टाळ्या वाजल्या. अनुश्रीचा चेहरा पांढराफटक पडला. लोकांना वाटलं, भारावली. नंतर ती कीर्तीच्या टेबलाशी आली आणि कॅल्क्युलेटर ठेवून म्हणाली, “मॅडम, ये मुझसे नहीं रखा जाएगा.”

“ठेव. कुणी विचारणार नाही.”

“आजी विचारतील ना. त्यांनी रविवारी बोलावलंय.”

“मग जा रविवारी,” कीर्ती म्हणाली. “थोडा वेळ बसून ये. हॉस्टेलचं विसरू नकोस.” हे बोलणारा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, पण ती बोलली.

अनुश्री जात राहिली. बाई तिला गणित शिकवायच्या, खाऊ घालायच्या. ती मुलगी दर सोमवारी आणखी वाळल्यासारखी दिसायची. परीक्षा झाल्यावर तिनं विद्यापीठच सोडलं आणि खरगोनच्या कॉलेजात नाव घातलं. बाईंना सांगितलं गेलं की घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

इकडे काचेच्या हॉलमध्ये कीर्तीचं अवघड होत होतं. प्रत्येकानं रोज ठरावीक फोन करायचे आणि आपल्या पगाराच्या तिप्पट देणगी आणायची, असा नियम जयेशनं काढला. कीर्ती एका घरी जायची आणि तिथं दुपार घालवायची. सॉफ्टवेअरला दुपार दिसत नव्हती. नवीन मुलं तिच्यासमोर तिची नक्कल करायची, मान तिरकी करून, “हो का काकू? मग काय झालं?” आणि हसायची. एकदा जयेशही त्यांच्यात हसला.

मेमध्ये त्यानं तिला बोलावलं. “फंड संपत आला. दोन पोस्ट कमी करायला लागतील. कीर्ती, तुझी पद्धत आता चालत नाही, हे तुला पण कळतं.”

“मी आणलेत ते पैसे, जयेश.”

“हो. आणि त्याचा पगार तू घेतलास.”

पाटी त्याच दिवशी शिपायानं काढली. स्क्रू नीट निघाले नाहीत म्हणून दाराचं लाकूड थोडं फुटलं.

कीर्ती तिथून बसस्टॉपवर न जाता सरळ तुकोगंजात गेली. ऊन कडक होतं. बाई झोपून उठल्या होत्या. कीर्ती स्वयंपाकघरात गेली नाही. खुर्चीच्या कडेवर बसून तिनं सगळं सांगितलं. पैसा कुठे गेला, जयेश काय म्हणाला, आपण काय बोललो, अनुश्री कोण होती. काही लपवलं नाही.

सुलोचनाबाई पंख्याकडे बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “तुला काढलं नसतं तर सांगितलं असतंस?”

कीर्तीला खोटं बोलता आलं असतं. “नाही,” ती म्हणाली.

“मी तुला माझ्या चुलीपर्यंत येऊ दिलं.” बाईंचा आवाज बारीक झाला होता. “सगळे सांगत होते, नको. शेजारीण म्हणत होती. पण मला वाटलं... शेवटी तुमच्यातली ती तुमच्यातलीच.”

“कुणातली, काकू?”

 बाईंची नजर पंख्यावरच होती. कीर्ती उठली. तिला वाटलं होतं की आपल्याला शिव्या पडतील आणि त्या आपण खाऊन घेऊ, कारण त्या आपल्याच आहेत. पण ही शिवी तिची एकटीची नव्हती. ती आईची होती, आजोबांची होती, महूतल्या त्यांच्या सगळ्या वस्तीची होती, आणि ती ओढवून आणायला कारण मात्र तिनं दिलं होतं. हेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई ऑटो करून विद्यापीठात गेल्या. आठवड्याभरात कीर्तीला चौकशीला बोलावणं आलं.

चेअरमनसाहेबांच्या खोलीत तिघं होते, साहेब, जयेश आणि सोफ्यावर सुलोचनाबाई. जयेशनं बाईंच्या पाठीमागं उशी सरकवली, पाण्याचा ग्लास पुढं केला.

“माताजी, पैसा किस काम के लिए था, ये आपको किसने बताया?” साहेबांनी विचारलं.

बाईंनी कीर्तीकडे बोट केलं. “हिनं. म्हणाली, पैसा मुलींना जाणार.”

“और पुराणिकजी को इसकी जानकारी थी?” साहेबांनी पुढं विचारलं.

कीर्तीनं बाईंकडे पाहिलं. जयेश काय म्हणाला होता ते तिनं शब्दन् शब्द बाईंना सांगितलं होतं.

“मला ठाऊक नाही,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.”

कीर्ती बोलायला गेली. साहेबांनी हात वर केला. सही तिनं घेतली होती, शब्द तिचे होते, साक्षीला देणगीदार बाई स्वतः होत्या. पोलिसांत जायचं नसेल तर तिनं लिहून द्यावं की हे सगळं आपण एकटीनं केलं. कागद तयारच होता. कीर्तीनं जयेशकडे पाहिलं. तो फोनमध्ये काहीतरी वाचत होता. तिनं सही केली.

बाहेर व्हरांड्यात बाई ऑटोची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. कीर्ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

“तुम्हाला माहीत होतं, काकू. मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“मग?”

“चेअरमन म्हणाले, विद्यापीठाची बदनामी नको. जयेशचं नाव मधे नाही आलं तर विद्यापीठाचा ट्रस्ट स्वतःच्या पैशातून दर वर्षी दोन मुली घेईल. प्रणवच्या नावानं. माझ्यासमोर त्यांनी ट्रस्टला फोन करून सांगितलं.” बाईंनी पदर नीट केला. वर्गात एखादं उदाहरण समजावून द्यावं तसा त्यांचा आवाज होता. “मला दोन मुली मिळाल्या. तुला वाचवून काय मिळालं असतं?”

 हाच हिशोब तिनंही एकदा केला होता. ऑटो आली. बाईंना चढताना आधार लागायचा, गुडघे दुखायचे. सवयीनं कीर्तीचा हात पुढं झाला. बाईंनी ऑटोवाल्याला हाक मारली आणि त्याचा हात धरून त्या आत बसल्या.

घरी कौसल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्यामागे भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. कीर्ती तिकडं बघायचं टाळत होती.

“चोरी केली ते केली,” आई म्हणाली. “सांगायला कशाला गेली?”

“राहवलं नाही.”

“तुला त्या बाईचा पुळका नव्हता आला. तुला त्या पोराला बुडवायचं होतं. तो बुडाला नाही, तू बुडाली.” आईनं तांदळाचं ताट पुढं ओढलं. “आता शेजारी विचारतील तर काय सांगू? घरी का बसून राहिली म्हणून?”

शेजाऱ्यांनी विचारलंच. विद्यापीठातली बातमी महूपर्यंत यायला काय वेळ लागतो? कीर्ती जिथं अर्ज करायची तिथून आधी बोलावणं यायचं आणि मग कुणीतरी कुणालातरी फोन करायचं. दवाखान्यानं नाही म्हटलं. विम्यावाल्यांनी नाही म्हटलं. प्रणव टोकेकर शिष्यवृत्तीचा पहिला समारंभ झाला त्याचा फोटो तिनं फोनवर पाहिला. सुलोचनाबाई मधे, दोन्ही बाजूंना दोन मुली, मागे जयेश. पुढे असंही कळलं की जयेशला भोपाळच्या एका परिषदेत बोलायला बोलावलं होतं. विषय होता, छोट्या विद्यापीठांनी विकास विभाग कमी पैशात कसा वाढवावा. लोकांनी म्हणे उभं राहून टाळ्या दिल्या.

पावसाळा उलटून गेल्यावर तिला इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमधून फोन आला. तिनं तिथं अर्जही केला नव्हता. जिन्यावर मुलांच्या चपलांचा ढीग होता. मालक राठौर सर गुटगुटीत, हसतमुख. त्यांनी तिला बसवलं, पोहे मागवले.

“ते म्हातारीचं प्रकरण तुमचंच ना, मॅडम?”

कीर्तीनं पर्सचा पट्टा उचलला. “माझंच. सर, नसेल द्यायचं काम तर सरळ सांगा.”

“अरे, बैठो तो सही. उसी के लिए तो बुलाया है.” राठौर सर खुर्चीत पुढं सरकले. त्यांच्या आवाजात खरोखरचं कौतुक होतं. “गावातून बाप येतो. जमीन विकलेली असते, पैसा खिशात असतो, पण हात खिशात जात नाही. माझी पोरं त्याच्याशी इंग्रजी झाडतात आणि तो घाबरून शेजारच्या कोचिंगमध्ये जातो. मला असं माणूस पाहिजे की ज्याच्यासमोर तो बाप रडेल आणि पैसे भरेल. पंधरा बॅच आहेत, तुमच्या हाताखाली चार पोरी देतो. पगार विद्यापीठापेक्षा जास्त. और मॅडम, हमारे यहाँ कोई जाँच-वाँच नहीं होती.”

काचेपलीकडं बाकावर एक माणूस बसला होता, धुतलेलं धोतर, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. शेजारी त्याची मुलगी खाली मान घालून नखं कुरतडत होती.

कीर्तीनं पोह्यांची बशी बाजूला ठेवली. हात पुसले.

“यांचं कोण बघतंय?” तिनं विचारलं.

“अजून कोणी नाही.”

ती उठून बाहेर गेली आणि त्या माणसाच्या शेजारी बाकावर बसली. “काका, खूप लांबून आलात का?” ती म्हणाली. माणूस तिच्याकडं वळला, त्याची पिशवीवरची पकड सैल झाली आणि तो बोलायला लागला.